ध्रुवावरच्या बर्फाची चर्चा : संपादकांना एका भूगोल शिक्षिकेचं खुलं पत्र

वृत्तवाहिन्यांच्या आणि वृत्तपत्रांच्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत भूगोल शिकवते. वीसहून जास्त वर्षं झाली. आजवर कधी कुठल्या संपादकाला पत्र लिहिलं नव्हतं. या वेळी लिहिते आहे, कारण माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. अर्धं उत्तर तुमच्याकडे आहे.

२०२५ चा सप्टेंबर संपता संपता एका वाहिनीवर ध्रुवावरचा बर्फ वाढतोय का, या विषयावर चर्चा झाली. वाहिनीचं नाव घेत नाही, कारण हे पत्र एका वाहिनीपुरतं नाही. पडद्याचे दोन भाग केले होते. एकात उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर काम केलेले संशोधक, दुसऱ्यात एक गृहस्थ, ज्यांची ओळख 'हवामान विश्लेषक' एवढीच दिली होती. खाली पट्टी फिरत होती : २०१२ मध्ये ३४ लाख चौरस किलोमीटर, २०२५ मध्ये ४६ लाख, म्हणजे १२ लाखांची वाढ. सूत्रसंचालकांनी संशोधकांना विचारलं, "वाढला की नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा." ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, पण..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या चौकटीकडे बोलण्याची पाळी गेली. चाळीस मिनिटांत ते 'पण' पुढे सरकलंच नाही.

आता माझ्या वर्गातल्या भिंतीबद्दल सांगते. तिथे आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून केलेला एक लांब तक्ता आहे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचा बर्फ एकाएकी ४२ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली घसरला, तेव्हा मी तो सुरू केला. १९७९ ते २००६ पर्यंतचे ठिपके मी स्वतः निळ्या पेनने भरले. २००७ पासून दर वर्षी एक विद्यार्थी त्या सप्टेंबरचा नीचांक, म्हणजे उन्हाळ्याअखेर उरलेल्या सगळ्यात कमी बर्फाचा आकडा, शोधतो, सगळ्या वर्गासमोर लाल ठिपका देतो आणि खाली बारीक अक्षरात आपली आद्याक्षरं लिहितो. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, कोपरे दुमडलेत. पहिले लाल ठिपके देणारी मुलं आज नोकरी करतात.

चर्चेच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी त्या तक्त्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, मग आपला तक्ता खोटा आहे का?"

मी काही बोलले नाही. तिच्या हातात फूटपट्टी दिली आणि सगळ्यात खालच्या निळ्या ठिपक्यावर आडवी धरायला सांगितली. तो २००५ चा ठिपका, ५३ लाखांच्या आसपासचा. एकोणीसच्या एकोणीस लाल ठिपके पट्टीच्या खाली होते. तुम्ही ज्याला वाढ म्हणालात तो २०२५ चाही. २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षं म्हणजे उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासूनची सगळ्यात कमी बर्फाची एकोणीस वर्षं आहेत. हे सांगायला दहा सेकंद पुरतात. ती दहा सेकंदं चाळीस मिनिटांत निघाली नाहीत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण लाल ठिपके आपापसात बघितले तर फारसे खाली जात नाहीयेत." मी पुन्हा पाहिलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. वैज्ञानिक आज ज्यावर डोकं लावून बसले आहेत तोच हा प्रश्न, आणि तो आठवीतल्या मुलाला तुमच्या कार्यक्रमाआधी सुचला. माझं दुखणं हेच आहे. जो वाद संपला आहे तो तुम्ही रोज नव्याने पेटवता, आणि जो चालू आहे त्याच्याकडे फिरकत नाही.

म्हणून एकेक तक्रार मांडते.

पहिली तक्रार दोन वर्षं निवडून केलेल्या तुलनेची. २०१२ हे सगळ्यात तळाचं वर्ष आहे. त्या ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर मोठं चक्रीवादळ आलं आणि आधीच पातळ झालेला बर्फ फुटून विखुरला. तळाच्या वर्षाशी तुलना केली की पुढचं कुठलंही वर्ष वाढलेलंच दिसणार. २०१३ मध्ये नेमकं हेच झालं होतं. बर्फ ५० लाखांच्या वर गेला आणि जगभर मथळे आले की बर्फ एका वर्षात निम्म्याहून जास्त वाढला, आता तापमानवाढीचं काय? काही झालं नव्हतं. एक उन्हाळा थंड गेला होता. शिवाय पातळ बर्फाचा एक गुण आहे : हिवाळ्यात तो जाड बर्फापेक्षा भराभर वाढतो, कारण खालच्या पाण्यातली उष्णता त्याच्यातून सहज निसटते. म्हणून फार पडझडीच्या वर्षानंतरचं वर्ष बहुधा जरा सावरलेलं दिसतं. १९८० च्या दशकात सप्टेंबरचा नीचांक ७० लाखांच्या आसपास असायचा. १९८१ ते २०१० ची सरासरी धरली तर सप्टेंबरचा बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी कमी होत आला आहे. ही ओळ पट्टीवर मावते.

दुसरी तक्रार चित्रांची, आणि ती मला फार जाचते, कारण मुलं शब्द विसरतात, चित्रं विसरत नाहीत. समुद्रबर्फाच्या बातमीवर तुम्ही हिमनदीचा कडा कोसळतानाची दृश्यं लावता. दक्षिण ध्रुवाच्या बातमीत ध्रुवीय अस्वल दाखवता. ध्रुवीय अस्वल फक्त उत्तरेला असतं आणि पेंग्विन तिथे नसतात, हे पाचवीच्या मुलाला ठाऊक असतं. समुद्रबर्फ म्हणजे समुद्राचंच खारं पाणी उणे १.८ अंश सेल्सियसला गोठून झालेला, पाण्यावर तरंगणारा थर. हिमनदी म्हणजे जमिनीवर पडलेल्या बर्फाचं हजारो वर्षांत साचलेलं ओझं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की लोकांच्या मनात दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. एक जण म्हणतो, समुद्रबर्फ वितळला की शहरं बुडतील. दुसरा म्हणतो, तरंगणारा बर्फ वितळल्याने पाणी वाढतच नाही, म्हणजे सगळंच थोतांड.

मी वर्गात दोन भांडी ठेवते. एकात काठोकाठ पाणी आणि त्यात तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यातही काठोकाठ पाणी, मधोमध एक दगड आणि त्याच्या पाण्याबाहेर आलेल्या माथ्यावर बर्फ. तास संपेपर्यंत पहिल्या भांड्यातून थेंब सांडत नाही, दुसरं टेबल ओलं करतं. समुद्रबर्फ हे पहिलं भांडं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका हे दुसरं : ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल इतका तो आहे. मग पहिल्या भांड्याची काळजी का करायची? उन्हासाठी. बर्फावर पडलेल्या उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग परत आकाशात जातो, ताज्या हिमाचा थर असेल तर ९० टक्क्यांपर्यंत. उघड्या समुद्रावरून जेमतेम ६ टक्के परततं, बाकीचं पाणी पिऊन टाकतं. बर्फ गेला की समुद्र तापतो, समुद्र तापला की आणखी बर्फ जातो. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. एवढं तुमच्या कार्यक्रमात कुणीतरी एकदा तरी नीट सांगितलेलं मला ऐकायचं आहे.

तिसरी तक्रार मापाची. 'बर्फ इतका आहे' म्हणताना तुम्ही काय मोजलंय ते सांगत नाही. अमेरिकेतल्या बोल्डरचं राष्ट्रीय हिम आणि बर्फ माहिती केंद्र जो आकडा रोज जाहीर करतं, तो विस्ताराचा असतो : उपग्रहाच्या नकाशातल्या ज्या चौकटीत निदान १५ टक्के बर्फ आहे ती पूर्ण चौकट धरायची. त्यात जाडी येत नाही. खाट तेवढीच झाकलेली दिसते, पण गोधडीच्या जागी चादर आली आहे, हे विस्ताराच्या आकड्यातून कधीच कळणार नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर उत्तर ध्रुवाच्या समुद्रात चार वर्षांहून जुना बर्फ हिवाळ्यातल्या एकूण बर्फाच्या सुमारे एक तृतीयांश होता. आज तो ५ टक्क्यांच्याही खाली आहे. जुना बर्फ तीन-चार मीटर जाड असतो, कित्येक उन्हाळे खाल्लेला, आतला खारटपणा झिरपून गेलेला. एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ दीड-दोन मीटरचा, पहिल्याच कडक उन्हाळ्यात जाणारा. पाणबुड्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बर्फाखालून जाताना केलेल्या नोंदी आहेत, २०१० पासून क्रायोसॅट-२ हा उपग्रह बर्फाची उंची मोजतो आहे, आणि त्यातून चित्र एकच निघतं. विस्तार सपाट दिसतो त्या वर्षांतही हे पातळ होणं नजरेआड करता येत नाही.

चौथी तक्रार दक्षिणेबद्दल. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. विक्रम झाला, आणि तो तुम्ही वाजवून सांगितला. त्याच्या आदल्या डिसेंबरात 'अकादेमिक शोकाल्स्की' हे जहाज तिथल्या बर्फात अडकलं होतं आणि ५२ प्रवाशांना हेलिकॉप्टरने सोडवावं लागलं होतं. तापमानवाढ अभ्यासायला गेले आणि बर्फात अडकले, म्हणून किती दिवस टिंगल झाली ते मला आठवतं, कारण ती टिंगल वर्गापर्यंत आली होती. त्यानंतर २०१६ पासून दक्षिणेचा बर्फ घसरला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो १८ लाखांच्याही खाली गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या शेवटी, जिथे तो शिखरावर असायला हवा, तिथे १ कोटी ७० लाखसुद्धा गाठू शकला नाही. हिवाळी शिखराचा १९८६ चा जुना नीचांक १० लाख चौरस किलोमीटरहून अधिक फरकाने मोडला. त्याआधीच्या वर्षी बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या भागातल्या एंपरर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी पिल्लं जगली नाहीत. पंख जलरोधक व्हायच्या आतच पायाखालचा बर्फ फुटला होता. २०१४ च्या विक्रमाला जेवढी जागा मिळाली तेवढी २०२३ च्या विक्रमाला मिळालेली मी पाहिली नाही. ज्या पाहुण्यांनी २०१४ मध्ये तुमच्याकडे बसून निकाल दिला होता, त्यांना बोलावून पुन्हा विचारलेलं पाहिलं नाही.

पाचवी तक्रार माझ्याच बाजूच्या लोकांना आवडणार नाही, तरी लिहिते. बर्फ संपायच्या तारखांची भाकितं तुम्ही तितक्याच उत्साहाने छापलीत. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी सांगितलं की पाच ते सात वर्षांत उन्हाळ्याच्या काही महिन्यांत उत्तर ध्रुवाचा समुद्र बर्फमुक्त होण्याची ७५ टक्के शक्यता आहे. काही संशोधकांनी २०१३, २०१५, २०१६ अशीही सालं दिली होती. ती सगळी वर्षं आली आणि गेली, बर्फ उरला. त्या वेळी बहुसंख्य अभ्यासक इतक्या जवळची तारीख द्यायला तयार नव्हते. त्यांचा संयम बातमी झाला नाही. मग भाकीत चुकल्यावर 'वैज्ञानिक खोटे ठरले' ही दुसरी बातमी झाली. एकाच माणसाच्या उतावळेपणाच्या तुम्ही दोन बातम्या केल्यात, आणि दोन्ही वेळा नुकसान त्यांचं झालं ज्यांनी घाई केली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल मंडळाने (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की २०५० पूर्वी निदान एका सप्टेंबरमध्ये उत्तर ध्रुवाचा समुद्र जवळपास बर्फमुक्त होण्याची शक्यता आहे, आणि 'जवळपास बर्फमुक्त' म्हणजे १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली. वाक्य लांब आहे, मथळ्याला बसत नाही, हे मलाही दिसतं. पण मुलांना शिकवताना मला ते पूर्णच सांगावं लागतं.

सहावी तक्रार संतुलनाच्या नावाखाली चालतं त्याची. संतुलन हा तुमच्या व्यवसायाचा धर्म आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याने आयुष्यभर बर्फ मोजला आणि ज्याने काल रात्री एक आलेख पाहिला, त्यांना सारखी चौकट दिली की संतुलन होत नाही, प्रेक्षकाची दिशाभूल होते. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं की हवामानाच्या बातम्यांत निःपक्षपातीपणा राखण्यासाठी तापमानवाढ सरळ नाकारणाऱ्याला बसवण्याची गरज नाही. त्याआधी आपल्याकडून हा विषय अनेकदा चुकीचा हाताळला गेल्याची कबुलीही दिली. तुमच्यापैकी कुणीच असं का करू शकत नाही?

त्या गृहस्थांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांना कुणी अडवलं नाही. एक, हे नैसर्गिक चक्र आहे. दोन, आकडे हवे तसे फिरवले जातात. पहिल्याबद्दल एवढंच : हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर ध्रुवाकडचे प्रदेश जास्त तापतील, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात संगणकावरच्या प्रारूपातून दाखवलं होतं. उपग्रहांची नोंद तेव्हा सुरूही झाली नव्हती. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मागच्या अनेक दशकांचा हिशेब मांडून दिसलं की दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे ३ चौरस मीटर बर्फ कमी होतो. ते वाचल्यावर मी खडूने वर्गाच्या फरशीवर ३ चौरस मीटरचा चौकोन आखला. सहा मुलं त्यात मांडी घालून बसली, आणि तास संपला तरी उठेनात. दिवसभर पुढच्या तासांच्या शिक्षकांनी तो चौकोन पुसला नाही.

दुसऱ्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण कुणाच्या प्रामाणिकपणावर डाग लावणं सोपं असतं. २००९ च्या फेब्रुवारीत बोल्डरच्या केंद्राच्या लक्षात आलं की एका उपग्रहावरचं उपकरण भरकटलं आहे आणि बर्फ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरने कमी दाखवतं आहे. त्यांनी ते स्वतः जाहीर केलं, दुसऱ्या उपग्रहाची माहिती वापरून आकडे दुरुस्त केले आणि चूक किती होती ते सांगितलं. लपवाछपवी करणारे असं करत नाहीत. मोजणीच्या अडचणीही ते उघड सांगतात. उपग्रह बर्फातून निघणारे सूक्ष्मतरंग टिपतात, म्हणून ढगांतून आणि सहा महिन्यांच्या रात्रीतूनही दिसतं. पण उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की उपकरणाला ती उघडा समुद्र वाटतात. हे मी शोधून काढलेलं नाही, त्यांच्याच पानांवर लिहिलेलं आहे.

आणि या मोजणीवर खरोखरच संकट आलं तेव्हा तुम्ही कुठे होता? ही नोंद १९७८ च्या ऑक्टोबरात निंबस-७ या उपग्रहापासून सुरू झाली आणि एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे सोपवत इथवर आणली गेली. नवा उपग्रह जुन्याच्या बरोबर काही काळ चालवून दोघांचे आकडे जुळवावे लागतात, नाहीतर धागा तुटतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ज्या उपग्रहांवर ही नोंद उभी होती त्यांची माहिती काही दिवसांतच बंद होणार असं जाहीर झालं. मग मुदत पुढे ढकलली गेली, आणि केंद्राला जपानी उपग्रहावरच्या उपकरणाकडे वळायची तयारी करावी लागली. माझ्या भिंतीवरचा पुढचा ठिपका कुठून आणायचा हा प्रश्न मला त्या आठवड्यात खरोखर पडला होता. त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मी कुठेच पाहिली नाही. बर्फ आहे की नाही यावर भांडायला चाळीस मिनिटं मिळतात, तो मोजणारं यंत्र चालू राहणार की नाही यावर पट्टीसुद्धा फिरत नाही.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. २००७ नंतर सप्टेंबरच्या विस्ताराची घसरण मंदावली आहे. २०२५ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध झाला : गेल्या सुमारे वीस वर्षांत घसरण इतकी थोडी आहे की संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठामपणे सांगता येत नाही. प्रारूपांतही असे थांबे अधूनमधून दिसतात, समुद्राच्या आणि वाऱ्याच्या नैसर्गिक चढउतारांनी काही काळ तापमानवाढीचा परिणाम झाकला जातो, हा थांबा आणखी पाचेक वर्षं टिकू शकतो, आणि तो सुटल्यावर घसरण नेहमीपेक्षा वेगाने होण्याची शक्यता आहे. तापमानवाढ थांबली असा त्याचा अर्थ नाही. २०२५ च्या मार्चमध्ये हिवाळ्याचा उच्चांक सुमारे १ कोटी ४३ लाखांवर अडला, तोवरच्या नोंदीतला सगळ्यात कमी. पण प्रश्न खरा आहे आणि रंगतदार आहे. थांबा कशामुळे? तो संपला हे कसं ओळखायचं? दक्षिणेचा बर्फ २०१६ नंतर का कोसळला : खालून वर येणारं गरम पाणी, वारे, पृष्ठभागाचा बदललेला खारटपणा, की सगळं मिळून? उत्तरेचा बर्फ कमी झाल्याने दूरच्या प्रदेशांतल्या थंडीच्या लाटांवर परिणाम होतो का? यावर नावाजलेले अभ्यासक एकमेकांशी खरोखर असहमत आहेत. आणि या सगळ्यावर काय करायचं, किती खर्च करायचा, तो कुणी सोसायचा, हा तर सगळ्यांचाच वाद आहे. त्यात प्रत्येक मताच्या माणसाला बोलवा. मी वर्ग घेऊन बसेन ऐकायला.

माझ्या मागण्या फार नाहीत.

बर्फाचा आकडा दाखवाल तेव्हा १९७९ पासूनचा पूर्ण आलेख पडद्यावर असू द्या. दोन वर्षांची तुलना त्याच्याशिवाय करू नका. आकडा विस्ताराचा की जाडीचा, उत्तरेचा की दक्षिणेचा, कुठल्या तारखेचा, हे त्याच्या शेजारी लिहा.

दृश्यावर ठिकाण आणि वर्ष लिहा. ते माहीत नसेल तर ते दृश्य लावू नका.

पाहुण्याने या विषयावर नेमकं काय काम केलं आहे ते त्याच्या नावाखाली सांगा. 'विश्लेषक' हा शब्द पुरेसा नाही.

भाकीत छापलंत तर त्याची नोंद ठेवा आणि मुदत संपली की स्वतःहून परत त्याकडे या, ते कुठल्याही बाजूचं असो.

चूक झाली तर दुरुस्ती त्याच वेळेला, तेवढ्याच ठळकपणे द्या. मध्यरात्रीच्या बातमीपत्रातली ओळ माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही.

आणि ज्या वाहिनीने ती १२ लाखांची पट्टी फिरवली, तिने त्या संशोधकांना पुन्हा बोलवावं आणि त्यांचं 'पण'च्या पुढचं वाक्य पूर्ण करू द्यावं. ते वाक्य काय असेल ते मला साधारण माहीत आहे. ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला त्यांना माहीत नाही.

फूटपट्टी धरणाऱ्या त्या मुलीला मी सांगितलं आहे की पत्र लिहिते आहे. ती रोज विचारते, उत्तर आलं का. येत्या सप्टेंबरचा लाल ठिपका वर्गाने तिच्याकडे सोपवला आहे.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका